मतपेटीच्या आश्रयानें वाढलेली टोळी

गुंडांची टोळी म्हटली कीं, पोलिसांपासून लपूनछपून राहणारी माणसें डोळ्यांपुढें येतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्क शहरांत गाजलेल्या टोळ्यांची स्थिति मात्र निराळी होती. त्या भरवस्तींत राजरोस नांदत होत्या. असें कां घडलें, याचा उलगडा मंक ईस्टमन याच्या टोळीच्या इतिहासांत सांपडतो.

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिणेस, पूर्वेकडील भागांत त्या काळीं यूरोपांतून आलेल्या निर्धन लोकांची दाटी होती. काळोख्या खोल्या, तुटपुंजी मजुरी आणि अनोळखी भाषा यांनीं गांजलेल्या माणसाला नोकरी, कोळसा किंवा जामीन मिळवून देई तो टॅमनी हॉल. डेमोक्रॅटिक पक्षाची ही स्थानिक संघटना उपकाराची फेड मतांच्या रूपानें घेत असे. जेथें उपकार पुरे पडत नसत, तेथें टोळी उपयोगी पडे. तिचीं माणसें निरनिराळ्या नांवांनीं पुनःपुन्हां मतें देत आणि विरुद्ध पक्षाच्या मतदारांस धाक घालीत. मोबदल्यांत, टोळीचा मनुष्य पकडला गेला कीं पुढारी त्याच्या सुटकेची तजवीज करीत. जुगाराचे अड्डे व खंडणी यांवर टोळीचा चरितार्थ चाले.

ईस्टमनचा प्रतिस्पर्धी पॉल केली हा 'फाइव्ह पॉइंट्स' टोळीचा नायक. तो पूर्वाश्रमींचा मुष्टियोद्धा; खरें नांव पाओलो व्हाकारेली. नवल हें कीं, दोघांचेहि आश्रयदाते एकाच टॅमनी हॉलांतले. १९०३ सालच्या सप्टेंबरांत रिव्हिंग्टन रस्त्यावर दोन्ही टोळ्यांमध्यें गोळीबार झाला व शहर हादरलें. पुढाऱ्यांना हा स्नेह आतां जड वाटूं लागला. १९०४ सालीं वाटमारीच्या प्रसंगीं ईस्टमननें खासगी गुप्तहेरांवर गोळ्या झाडल्या, तेव्हां त्याच्या मदतीस कोणीहि धांवलें नाहीं. दहा वर्षांची सजा होऊन तो सिंग सिंगच्या तुरुंगांत गेला. शिक्षेबरोबर नागरिकत्वाचे हक्कहि गेले. दुसऱ्यांच्या नांवांनीं मतें टाकविणारा नायक स्वतःच्या नांवानें एक मत देण्यासहि अपात्र ठरला.

१९०९ सालीं तो सुटला, तोंवर टोळीवरील त्याची सत्ता संपली होती. १९१७ सालीं त्यानें निराळें नांव धारण करून सैन्यांत प्रवेश केला व फ्रान्सच्या रणभूमीवर शौर्यानें लढला. त्याची कदर करून १९१९ सालीं गव्हर्नर अल् स्मिथ यांनीं त्याचे हक्क परत दिले. परंतु २६ डिसेंबर १९२० रोजीं युनियन स्क्वेअरजवळ दारूबंदी खात्यांतील एका माणसाच्या गोळीनें त्याचा अंत झाला.

त्याच वर्षीं अमेरिकेंत दारूबंदीचा अंमल सुरू झाला होता. फाइव्ह पॉइंट्सच्या संगतींत वावरलेले जॉनी टॉरिओ व अल् कपोन शिकागो शहरांत चोरट्या दारूच्या व्यापारानें गबर झाले. पूर्वीं पुढारी टोळ्या बाळगीत. आतां टोळ्यांनाच पुढारी विकत घेतां येऊं लागले.

एक नायक गजाआड गेला म्हणून टोळी संपत नाहीं. गरजूला कोळसा आणि जामीन यांसाठीं मत गहाण टाकावें लागतें, तोंवर तें मत गोळा करणाऱ्या दंडेलाला धनी मिळतोच. न्यूयॉर्कच्या या इतिहासांत पोलिसांच्या कोठडीइतकेंच महत्त्व त्या काळोख्या खोल्यांना आहे.