मीटरचा काटा आणि पेंचचं पाणी

आकाशवाणी नागपूर 16 जुलै 1948 ला सुरू झालं. आज नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीत ते 585 किलोहर्ट्‌झवर, मीडियम वेव्हवर लागतं. ट्रान्समीटरची शक्ती 300 किलोवॅट. त्याचं ट्यूनिंग जरासं हललं तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. बातम्या त्याच, आवाज तोच. फरक पडतो तो वीजबिलात.

एवढ्या शक्तीच्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा 75 टक्के कार्यक्षम धरू. म्हणजे आत 400 किलोवॅट जातात आणि 100 किलोवॅट व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवर नुसते तापण्यात संपतात. वाफेवर थंड होणारा व्हॉल्व्ह असेल तर तेवढ्या उष्णतेत तासाला सुमारे 160 लीटर पाणी उकळतं. गंमत अशी, की कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना पाणी मिळतं पेंच प्रकल्पातून, आणि त्याचं नवेगाव खैरीचं धरण पारशिवनी तालुक्यातच आहे. वाफेवर वीज करायची आणि त्या विजेतून पुन्हा वाफच काढायची!

हा तोटा कमी करायची युक्ती वेळेची आहे. व्हॉल्व्हमधला तोटा म्हणजे त्या क्षणीचं व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून 'क्लास सी' पद्धतीत अ‍ॅनोडचं व्होल्टेज तळाला असतानाच करंट सोडतात, चक्राच्या जेमतेम एक तृतीयांश वेळ. बाकीचा वेळ कॉइल आणि कपॅसिटर सांभाळतात. कुंभार दांड्याने अधूनमधून रेटा देतो आणि चाक फिरत राहतं, तसं. सर्किट सुरातून सुटलं की करंट भलत्या क्षणी वाहतो आणि अ‍ॅनोड लाल होतो.

म्हणून आधी शक्ती उतरवून ट्यूनिंगचं चाक सावकाश फिरवायचं. प्लेट करंटचा, म्हणजे अ‍ॅनोडच्या करंटचा, काटा खाली येतो, तळ गाठतो, पुन्हा चढू लागतो. तो तळ म्हणजे 'डिप'. नवखा माणूस इथे फसतो: काटा जितका खाली, तितकं काम चोख, असं त्याला वाटतं. पण लोडिंग, म्हणजे अँटेनाशी असलेली जोडणी, अगदी हलकं असेल तरी काटा खोल जातो, आणि अँटेनाकडे मात्र फारसं काही पोचत नाही. मग लोडिंग वाढवायचं, डिप पुन्हा शोधायचा, परत लोडिंग. मला विचाराल तर प्लेट करंटच्या जोडीला अँटेनाचा करंट न पाहणारा ट्यूनिंग करतच नाही.

नागपूरहून 1988 पासून 1566 किलोहर्ट्‌झवर राष्ट्रीय वाहिनीही चालायची, तब्बल 1000 किलोवॅटवर. तिथे कार्यक्षमता 70 ऐवजी 80 टक्के धरली तर 11 तासांच्या एका रात्रीत जवळपास 2000 युनिट वाचतात. डिसेंबर 2018 मध्ये ती वाहिनी बंद करायचा निर्णय झाला.

बेल लॅब्सच्या विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्ये हा तोटा कमी करायची निराळी वाट काढली. एक व्हॉल्व्ह कायम राबतो, दुसरा फक्त आवाजाच्या चढाला मदतीला येतो, आणि दोघांना पाव तरंगलांबीचं सर्किट जोडतं. मोबाइल टॉवरच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आज हीच जोडी असते, फक्त ट्रान्झिस्टरची. 585 किलोहर्ट्‌झला पाव तरंगलांबी 128 मीटर भरते. मोबाइलच्या 1800 मेगाहर्ट्‌झला हवेत चारेक सेंटिमीटर, सर्किटबोर्डवर त्याहून कमी. तिथे फिरवायला चाक नसतं. जुळणी कारखान्यातच तांब्याच्या पट्टीत कोरलेली असते.