टर्की उतरल्यानंतर

ब्राऊन शुगरची सवय जडलेल्या मुलाला एक दिवस पुडी मिळाली नाही, की आधी जांभया सुरू होतात. मग नाक-डोळे वाहू लागतात, हाडांत कळा येतात, पोटात मुरडा पडतो आणि झोप उडते. व्यसनात अडकलेली मुलं याला ‘टर्की’ म्हणतात. ती भयंकर असते, पण डॉक्टरांकडे तिच्यावर औषधं आहेत आणि साधारण आठवडाभरात ती उतरते. मुलगा अंघोळ करून ताटावर बसतो, पोळी मागून घेतो. आईला वाटतं, सुटलं एकदाचं. चार दिवसांनी तो कॉलेजला जातो. कट्टा तोच, मित्र तेच, पुडी आणून देणाराही तोच. घरच्यांना जिथे दुखणं संपलंसं वाटतं, तिथे त्याची खरी कसोटी सुरू होते.

पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते ही गोष्ट ओळखून. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ‘गर्द’, म्हणजे हीच ब्राऊन शुगर, पसरली आणि चांगल्या घरांतली, कॉलेजात शिकणारी मुलं तिच्यात सापडली. ओळखीच्या एका घरातला असाच मुलगा डॉ. अनिल अवचटांना भेटला. त्याच्यामुळे ते या मुलांच्या मागावर निघाले आणि त्यांनी गर्दवर लेखमाला लिहिली. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये दिले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

सुनंदाताईंनी दोन गोष्टी अशा केल्या, की पुढचं सगळं त्यांवर उभं राहिलं. व्यसनी माणूस वाईट नाही, आजारी आहे, हे त्यांनी बोलण्यातून नव्हे, वागण्यातून सांगितलं. उपचाराला आलेला तो रुग्णमित्र. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. बऱ्या झालेल्यांना त्यांनी कामावर घेतलं. ज्याने स्वतः टर्की काढली, आईच्या बांगड्या विकल्या, पुन्हा पुन्हा शपथा मोडल्या, तोच नव्याने आलेल्याच्या खाटेशी बसू लागला. ‘मला काही झालेलं नाही, मी कधीही सोडू शकतो’ असं विशीतला मुलगा डॉक्टरांना बिनदिक्कत सांगतो. समोर असा माणूस बसला, की त्याचं ते वाक्य अर्ध्यावर थांबतं.

निवासी उपचार पस्तीस दिवसांचे. सकाळी व्यायाम, मग गटचर्चा, समुपदेशन आणि केंद्रातली कामं, अगदी झाडलोटसुद्धा. घरच्यांशीही बोलणं होतं, कारण तोपर्यंत घरही आजारी पडलेलं असतं. ‘आयुष्यात कधीच नाही’ या शपथेला इथे किंमत नाही. फक्त आजचा दिवस, एवढंच मागणं. घरी गेल्यावर पाठपुराव्याला यायचं. पाय घसरला तर लपवायचं नाही, परत यायचं. व्यसनमुक्तीचं वर्ष पूर्ण झालं, की वाढदिवस साजरा होतो. सुनंदाताई 1997 मध्ये गेल्या, अनिल अवचट 2022 मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहेत.

सुरतच्या उत्तरेला, तापीपलीकडच्या कोसाडमध्ये उभं राहून मी या सगळ्याचा विचार करतो, तेव्हा तो पाठपुरावाच मनात अडकून राहतो. इथल्या आवास वसाहतीतल्या घरातून एखादा मुलगा नदी ओलांडून वीर नर्मद विद्यापीठात शिकायला जातो, तेव्हा तो घरातला विद्यापीठ पाहणारा पहिलाच असू शकतो. वडील लूम्सवर बारा तासांच्या पाळीत असले, तर मुलाचे डोळे लाल का, हे पाहायला घरी कोण असतं? त्यातून गुजरातेत दारूबंदी. ‘मी पितो’ एवढं सांगणंही गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं, मग मुलगा प्राध्यापकाशी काय बोलणार? पस्तीस दिवस पुण्यात काढता येतील. छत्तिसाव्या दिवशी तो कोसाडच्या स्टेशनावर उतरेल, तेव्हा त्याच्यासोबत चहा प्यायला कोण आहे, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी याचं उत्तर आवारातच शोधलं. रटगर्स विद्यापीठाने 1988 मध्ये व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं वसतिगृह उघडलं. टेक्सास टेकमध्ये असं केंद्र सुरू झालं ते 1986 मध्ये, मुक्तांगणच्याच वर्षी. तिथे उपचार संपवून आलेल्या मुलांना रोज बसायला जागा असते, बैठका असतात, शिष्यवृत्ती असते. त्यात आपल्याला न परवडणारं फार थोडं आहे. एक खोली, आठवड्यातून दोनदा बैठक, आणि त्या वाटेने जाऊन आलेला एखादा मोठा भाऊ. कॉलेजांमध्ये 26 जूनला व्यसनविरोधी दिनाची भित्तिपत्रकं लागतात, शपथा होतात. त्या होऊ द्याव्यात. पण शपथ घेतलेल्या हॉलच्या शेजारची एक खोली वर्षभर उघडी असावी, असं मला मनापासून वाटतं.

भीती मात्र दूर करायला हवी, आणि कायदा त्यात मदत करतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम 64 अ सांगतं, की स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक आजारही येतात, त्यामुळे उपचाराची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क ठरतो. हे कॉलेजच्या प्रवेशपुस्तिकेत एका पानावर, गुजराती, हिंदी आणि मराठीत छापता येईल.

14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन त्या मुलानेच करायला हवा असं नाही. त्याच्या खोलीतला जोडीदार करू शकतो, बहीण करू शकते, डबा देणाऱ्या मावशीही करू शकतात.