कार्ब्युरेटरच्या जेटला तार का लावू नये?

येझदी मोटारसायकलचे जुने उत्पादन १९९६ मध्ये थांबले. विष्णुपुरी-नांदेड परिसरात अशी एखादी गाडी पडून असेल, तर पेट्रोल काढून तिचा कार्ब्युरेटर विद्यार्थ्यांना उघडून दाखवावा. अरुंद नळीत हवेचा वेग वाढतो, दाब घटतो. म्हणून बाहेरच्या हवेचा दाब फ्लोट चेंबरमधले पेट्रोल पितळी जेटमधून वर ढकलतो. गाडी पडून राहिली की पेट्रोल उडून जाते व जेटच्या छिद्रात चिकट थर उरतो.

तो पोलादी तारेने खरवडू नये; पितळ मऊ असते. छिद्राचा व्यास १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्के वाढते (१.१ × १.१ = १.२१) आणि पेट्रोलही साधारण तितकेच जास्त जाते. जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने साफ करावे. बाहेरून कितीही चकाकी आणली, तरी बिघडलेले माप भरून निघत नाही.

व्यास २० टक्के वाढला तर? हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे.