घरात आलेला अनोळखी भुंगा : चिरडू नका, ओळखा

पावसाळ्यात संध्याकाळचे दिवे लागले की जयसिंगपूरच्या घरांत नाना प्रकारचे कीटक शिरतात. शिरोळ तालुक्यातील उसाची शेते आणि कृष्णा-पंचगंगेचे ओलसर काठ हे त्यांचे माहेर. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. वळवाच्या पावसानंतर दिव्यावर आदळणारा जाडजूड तपकिरी भुंगेरा हुमणीचा असतो. तो उसाचा शत्रू खरा, पण माणसाला इजा करीत नाही. तांदळाच्या डब्यातील सोंडकिडाही तसाच.

एक कीटक मात्र आपण नीट ओळखून ठेवावा. तो मोठ्या मुंगीसारखा सडपातळ, ७ ते १० मिलिमीटर लांब असतो. डोके काळे, मान नारिंगी, पाठीवर निळसर चकाकीचे आखूड कवच, मागे नारिंगी पोट व काळे टोक. डिवचल्यास तो शेपटीचे टोक विंचवासारखे वर उचलतो. त्याचे शास्त्रीय नाव पेडेरस. तो डंख मारीत नाही. परंतु अंगावर चिरडला गेला की त्याच्यातील पेडेरिन हे दाहक द्रव्य त्वचेला लागते. झोपेत मानेवर काही वळवळले की आपला हात नकळत तेथे फटका मारतो आणि इजा होते ती त्यामुळेच.

त्या वेळी काहीच जाणवत नाही. १२ ते ४८ तासांनी लालसर पट्टा उमटतो, आग होते, बारीक फोड येतात. हे पाहून घरात ‘नागीण झाली’ असे ठरवले जाते. ज्येष्ठांच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. नागिणीत बहुधा आधी दोन-तीन दिवस ठणका लागतो आणि पुरळ शरीराच्या एकाच बाजूस येते. तिचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणून निदान घरी करू नये. किड्याचे छायाचित्र किंवा बाटलीत धरलेला किडा डॉक्टरांना दाखवावा.

किडा अंगावर दिसल्यास फुंकर घालावी किंवा कागदावर चढवून दूर करावा. चिरडला गेल्यास ती जागा लगेच साबण व भरपूर पाण्याने धुवावी, नंतर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चुना, हळद किंवा कोणताही लेप लावू नये. न धुतलेला हात डोळ्यास लावू नये. पापणी सुजल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह्यांनी फोड फोडू नयेत. एरवी ही जखम एक ते तीन आठवड्यांत भरते. काळसर डाग काही काळ राहतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला किडा झटकता येत नाही, आणि कित्येकदा सांगताही येत नाही. त्यांची काळजी घेणाऱ्यांनी रोज रात्री चादर व उशी झटकावी, मच्छरदाणी खोचावी, खिडकीस जाळी लावावी आणि पलंगावरचा दिवा मालवावा.