मोक्सा: शेक आणि चटका यांतला फरक ओळखूया

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत आम्ही आरोग्याच्या कामासाठी जातो. तिथल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. पाय रोज ठणकायचे. मुलाने मोबाईलवर व्हिडीओ पाहिला, 'मोक्सा'च्या कांड्या ऑनलाईन मागवल्या आणि पेटती कांडी आईच्या पायाजवळ धरली. "आई, चटका बसतोय का?" "काहीच लागत नाही रे, धर तू." सकाळी पायावर टरारून फोड आला होता. मावशींना अनेक वर्षांचा मधुमेह आहे. पायाची संवेदनाच कमी झालेली असल्याने त्यांना भाजल्याचे कळलेच नाही. जखम भरायला दोन महिने गेले, आणि तेवढे दिवस कामही बुडाले.

मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण माहिती अर्धी होती. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

मोक्सा म्हणजे एका वनस्पतीची वाळवून, कुटून केलेली कापसासारखी लव. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. जपानी भाषेत तिला 'मोगुसा' म्हणतात, त्यावरून 'मोक्सा' हा शब्द आला. ती जाळून शरीरावरच्या ठराविक बिंदूंना ऊब देणे हा उपचार. ॲक्युपंक्चरला चिनी भाषेत जे जोडनाव आहे, त्याचा अर्थच 'सुई आणि शेक' असा होतो. चीनमधील मावांगदुई येथे १९७३ साली सापडलेल्या, इ.स.पू. १६८ च्या थडग्यातील हस्तलिखितांत या शेकाचा उल्लेख आहे. २०१० मध्ये युनेस्कोने या दोन्ही पद्धती मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या.

शेक देण्याच्या पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत लवेची छोटी गोळी थेट त्वचेवर ठेवून पेटवतात. जुन्या काळी फोड येऊन व्रण राहीपर्यंत ती जळू देत. दुसऱ्या पद्धतीत मध्ये आल्याची चकती किंवा मीठ ठेवतात, किंवा पेटती कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर धरतात. त्वचा लालसर झाली की थांबतात. आज बहुतेक ठिकाणी ही दुसरी पद्धत वापरतात.

महाराष्ट्राचा या विद्येशी जुना धागा आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते भारतात आणले. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या उपचाराला मान्यता दिली.

शेक आपल्या परंपरेलाही परका नाही. विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खन्धक हा औषधांवरचा भाग आहे. पिलिन्दवच्छ या भिक्खूला वाताचा त्रास झाला, तेव्हा तथागतांनी घाम काढण्याच्या उपचाराला परवानगी दिली. त्याने भागले नाही तेव्हा औषधी पाल्याचा शेक, मग निखाऱ्यांच्या खड्ड्यावरचा मोठा शेक अशी परवानगी वाढवत नेली. हा मोक्सा नव्हे. पण एका उपायाने गुण आला नाही तर दुसरा करून पाहायचा, ही दृष्टी आपल्या कामाची आहे.

मग मोक्साने गुण येतो का? १९९८ मध्ये चीनमधील २६० गर्भवतींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळ पायाळू असताना आईच्या पायाच्या करंगळीजवळ शेक दिला. शेक दिलेल्या गटात सुमारे ७५ टक्के बाळे जन्माच्या वेळी डोक्याकडून आली, तर दुसऱ्या गटात सुमारे ६२ टक्के. पुढे इटलीत असाच अभ्यास सुरू झाला, पण अनेक स्त्रियांनी उपचार मध्येच सोडल्याने तो थांबवावा लागला. म्हणजे काही बाबतीत आशा आहे, पण 'सर्व रोगांवर इलाज' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गरोदरपणात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नकोच.

शेक आणि चटका एक नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने डागण्याची 'डंबा' प्रथा आजही पूर्ण थांबलेली नाही. तिथल्या आईला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण दवाखाना लांब आणि भगत जवळ असला की काय होते, हे वस्तीत काम करणाऱ्याला कळते. आमच्या मावशींच्या घरी भगताच्या जागी मोबाईल होता, एवढाच फरक.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत आणि विहारात एवढे तरी सांगावे. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर घरी मोक्सा, गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट यांपैकी काहीही लावू नये. दहा बाय दहाच्या खोलीत दमेकऱ्याजवळ किंवा लहान मुलांजवळ मोक्साचा धूर करू नये. उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा, विचारायला लाजू नये. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यापासून लांब राहावे. भाजलेच तर टूथपेस्ट किंवा हळद न लावता वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आपल्याच करातून चालतात. तिथे जाणे हा आपला हक्क आहे.

खुद्द बाबासाहेब मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार होते. हा आजार आपल्या घराघरांत आहे. कालाम सुत्त आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून मानू नका, हिताचे आहे का ते स्वतः पारखा, हा त्याचा आशय. ही पारख चिनी कांडीला लावायची, घरच्या बटव्याला लावायची आणि मोबाईलवरच्या व्हिडीओलाही लावायची.

मावशी आता पुन्हा कामावर जातात. त्यांचा मुलगा रोज रात्री आईचे तळवे तपासतो. हे त्याला आम्ही शिकवले, आणि आता तो शेजाऱ्यांना शिकवतो आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.