मोटारीच्या पडद्यावरील परिभाषा

मोटार विकत घेणारा मध्यमवर्गीय ग्राहक लिटरमागे धावणारे किलोमीटर, विम्याची रक्कम आणि कर्जाचा मासिक हप्ता यांची चौकशी बारकाईने करतो. परंतु सुकाणूशेजारच्या पडद्याची गोष्ट निघाली की त्याची चौकसबुद्धी एकाएकी मावळते. जीपीएस, ब्लूटूथ, डबल डिन, आरएमएस ही अक्षरे विक्रेता मंत्रासारखी उच्चारतो आणि ग्राहक मान डोलावतो. अर्थ न कळता मोजलेल्या पैशाला अर्थशास्त्राच्या भाषेत किंमत म्हणणे कठीण; ती दक्षिणा होय.

यांपैकी सर्वांत रुळलेला आणि म्हणूनच सर्वाधिक गैरसमज झालेला शब्द म्हणजे जीपीएस. व्यवहारात या एका नावाखाली तीन भिन्न गोष्टी खपतात: आपण कोठे आहोत हे कळणे, भोवतालचा नकाशा दिसणे आणि पुढील रस्त्यावर गर्दी आहे की नाही हे समजणे. त्यांतली पहिली तेवढी जीपीएसची. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकी उपग्रह वेळेचे संकेत अखंड प्रसारित करतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास किती अवधी लागला, यावरून गाडीतील यंत्र आपले स्थान गणिताने काढते. हे यंत्र केवळ ऐकते. उपग्रहाला ते काहीच कळवीत नाही. तेव्हा उपग्रह आपल्यावर पाळत ठेवतो, ही सार्वत्रिक समजूत निराधार आहे. पाळत ठेवली जाते, पण ती अन्यत्र.

हे संकेत ऐकण्यास मोल पडत नाही. एका गाडीने ते ऐकले म्हणून दुसरीच्या वाट्याचे कमी होत नाहीत. सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दीपस्तंभाचेच हे आकाशस्थ रूप. खर्च अमेरिकी करदाता सोसतो, कारण मूळ यंत्रणा तेथील सैन्याची. १९८३ साली सोव्हिएत हद्दीत भरकटलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापरासाठी मोफत खुली करण्याची घोषणा रेगन शासनाने केली. तरीही नागरी संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळली जाई आणि स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. दाट वस्तीच्या शहरात शंभर मीटरची चूक म्हणजे गल्लीच दुसरी. हा प्रकार मे २००० मध्ये थांबला. दात्याचा हात उद्या पुन्हा आखडू शकतो, हे ओळखून भारताने ‘नाविक’ ही स्वतंत्र यंत्रणा उभारण्यास घेतली. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली उडाला. या परिभाषेत अर्थ लागावा असे नाव बहुधा हे एकच.

स्थान फुकट असले तरी नकाशा फुकट नाही. नवे पूल, एकदिशा मार्ग, बदललेली वळणे यांची नोंद कोणाला तरी पदरचे पैसे खर्चून करावी लागते. कारखान्यातच बसवलेल्या नकाशाच्या नूतनीकरणासाठी पैसे मागितले गेले की ‘जीपीएस तर मोफत असते ना?’ असा संतप्त प्रश्न विचारला जातो. तो अज्ञानाचा असला तरी ते अज्ञान विक्रेत्यानेच जोपासलेले असते. भ्रमणध्वनीवरील नकाशाला पैसे पडत नाहीत, कारण तेथे नाणे निराळे आहे. रस्त्यावरील असंख्य भ्रमणध्वनी आपले स्थान आणि वेग नकाशा-कंपनीस कळवीत असतात. त्यांच्या बेरजेतूनच वाहतुकीची ती लाल रेघ उमटते. खंडाळ्याच्या घाटात दोन तास अडकलेला टॅक्सीचालक मागून येणाऱ्यांना सावध करणाऱ्या माहितीचा उत्पादक असतो. मालकी मात्र कंपनीची, आणि या श्रमाचा मोबदला त्याच्या हिशेबात कोठेच जमा होत नाही. पाळत म्हणायची ती ही.

बोगद्यात उपग्रहाचे संकेत पोहोचत नाहीत. द्रुतगती मार्गावरील भाताणच्या बोगद्यातही पडद्यावरचा बाण पुढे सरकतो, तो ‘डेड रेकनिंग’मुळे: ज्ञात स्थानापासून दिशा आणि वेग यांवरून पुढचे स्थान ताडण्याची ही दर्यावर्दींची जुनी रीत. होंडा कंपनीने १९८१ साली मोटारीत बसवलेले मार्गदर्शक यंत्र आणि १९८५ चे कॅलिफोर्नियातील ‘ईटॅक’, दोन्ही उपग्रहांवाचून याच रीतीने चालत.

ध्वनियंत्रणेकडे वळावे, तर तेथे शब्दांपेक्षा आकडे अधिक फसवे. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले चार’ असे ठळक छापलेले असते. इंजिन चालू असता गाडीतील विद्युत्‌दाब साधारण चौदा व्होल्ट असतो आणि ध्वनिक्षेपकाचा रोध बहुधा चार ओहम. दाब वाढवणारा वेगळा ॲम्प्लिफायर जोडला नसेल, तर अशा संचातून प्रत्येक ध्वनिक्षेपकास स्वच्छ व सातत्याने मिळणारी शक्ती पंचवीस वॅटच्या आसपास संपते, हे बारावीच्या भौतिकशास्त्राने सिद्ध करता येते. ही सातत्याची शक्ती म्हणजेच आरएमएस. पन्नास हा क्षणिक कमाल आकडा. दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती झाली, तर अनेक खोक्यांचे तेज उतरेल.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे; त्यापलीकडे त्या शब्दात गूढ असे काही नाही. ‘डिन’ मात्र थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. जर्मन मानक संस्थेच्या नावावरून आलेले हे माप: १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच, डबल डिन म्हणजे दुप्पट उंची. या रुक्ष मापाने मोठा व्यवहार साधला. कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही गाडीच्या खाचेत बसू लागला आणि ग्राहकास निवड मिळाली. अलीकडील बऱ्याच गाड्यांत ती खाचच नाहीशी झाली आहे. पडदा फळीच्याच आकारात घडवलेला, आणि त्याला वातानुकूलन व मागचा कॅमेराही जोडलेला. चार वर्षांनी तो बिघडला, तर धनी दुसऱ्या कंपनीचा संच शोधू शकत नाही. गाडी बनवणाऱ्याच कंपनीच्या दारी जाऊन ती सांगेल तो आकडा त्याला मोजावा लागतो.