सांगून तर बघा!

मुलांनो, गणितात मार्क कमी पडले, खेळात कुणी घेतलंच नाही, की तुम्ही काय करता? तोंड फुगवून बसता ना?

आमच्या वर्गात दर शनिवारी आम्ही गोल करून बसतो आणि आठवड्यातली फजिती सांगतो. पहिली माझी! कुणी हसायचं नाही, हा नियम. एकदा नेहमी गप्प बसणारा एक मुलगा म्हणाला, "मला फळ्यावरचं दिसत नाही." चिडवतील म्हणून त्यानं वर्षभर लपवलं होतं. लगेच आणखी दोन हात वर झाले! तपासणीत तिघांनाही चष्मे लागले.

दुःख मोठं असेल, घरी सांगता येत नसेल, तर १०९८ हा नंबर फिरवा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची ही सेवा रात्रंदिवस, मोफत चालते.

आणि आईबाबा, आज जेवताना तुमचीही एक फजिती सांगा. मुलं आपोआप बोलती होतील!